डाव्या सीटवरून

तेमांगगुंग
४ फेब्रुवारी २०१९

पाक तारसोनो यांस,

अस्सलामु अलैकुम. सिरामपोगला थंडी फार पडली असं ऐकलं. तुमचे गुडघे सांभाळा.

ट्रकचा यंदाचा कर भरून झाला. कागद सोबत आहेत. शिक्का नीट पाहून घ्या, गेल्या साली कचेरीतल्या बाईने तो अर्धा कागदावर आणि अर्धा टेबलावर मारला होता. ओळखपत्र त्यांनी पाहिलं आणि परत दिलं, नेहमीसारखंच. चार वर्षं झाली, ट्रक तुमचा आणि कागदावर नाव माझं. नाव बदलायचे हेलपाटे तुम्हाला नको होते, मलाही त्याची घाई नव्हती. आपल्याकडे निम्मे ट्रक दुसऱ्याच्याच नावावर पळतात, त्यात आपण काही जगावेगळं केलेलं नाही.

पण नाव माझं असल्यामुळे एक पत्र माझ्या दारात आलं आहे, ते तुम्हाला कळवणं भाग आहे. ज्या कंपनीने आपला ट्रक बनवला तिने २०१२ ते २०१४ मधले सगळे ट्रक परत बोलावले आहेत. ब्रेकमध्ये दोष आहे म्हणतात. ट्रक कंपनीच्या वर्कशॉपमध्ये न्यायचा, सोबत कागद आणि मालकाचं ओळखपत्र न्यायचं, ते एक भाग बदलून देतात. पैसे घेत नाहीत. तुम्हाला तेगालचं वर्कशॉप जवळ पडेल. कधी नेता ते कळवा, म्हणजे मी ओळखपत्र पाठवतो.

कृपा करून लांबणीवर टाकू नका. फोन करू नका, माझे कान आता कामातून गेले आहेत. पत्रच लिहा.

तुमचा,
कास्नादी


सिरामपोग
१३ फेब्रुवारी २०१९

पाक कास्नादी,

वालैकुम सलाम. कागद मिळाले. शिक्का या वेळी कागदावरच आहे, त्या बाईला माझा सलाम सांगा.

आता ब्रेकचं. मी बावीस वर्षं ट्रक चालवला. बावीस वर्षांत कुठल्याही कंपनीने मला फुकट टोपीसुद्धा दिली नाही. आणि आज अचानक त्यांना आमच्या ब्रेकची काळजी वाटायला लागली? तीही गाडी विकून सहा वर्षं झाल्यावर? आणि कुठला भाग बिघडलाय ते पत्रात लिहीत नाहीत, फक्त 'एक भाग'. माझ्या बायकोनेसुद्धा इतकं मोघम उत्तर मला कधी दिलं नाही.

आमच्या खालच्या वाडीतल्या एकाला असंच बोलावलं होतं. 'पाक, गाडी घेऊन या, इंजिन तपासून देतो.' बिचारा धुऊन-पुसून गाडी घेऊन गेला. तिथे हप्तेवाल्यांची माणसं चहा पीत बसली होती. येताना तो गच्च भरलेल्या मिनीबसमध्ये उभ्याने आला. आधीच्या मालकाने गाडीवर कर्ज काढून ठेवलं होतं म्हणे. मी तुम्हाला काही म्हणत नाही, पाक. फक्त आठवलं म्हणून लिहिलं.

ब्रेक वाईट असते तर मला कळले असते. ट्रक माझा जावई रोखिम चालवतो. कोबी आणि बटाटे भरून रोज खाली बुमिआयूला जातो आणि रिकामा वर येतो. उतार कसा आहे ते तुम्ही पाहिलेलं नाही, पण रोखिम वर्षभर उतरतोय आणि रोज संध्याकाळी जेवायला घरी असतो. त्याची दुसरीच तऱ्हा आहे. दर पंधरा दिवसांनी म्हणतो ब्रेक ऑइल संपलं. मी वाकून, गुडघ्याचा जीव घेऊन, गाडीखाली पाहतो. जमिनीवर एक थेंब नाही! चाकांशी पाहिलं, पाइप चाचपले, सगळं कोरडं. डबी मात्र अर्धी रिकामी. मग ऑइल जातं कुठे? मला वाटतं, बाटल्या कुणाला तरी विकतो. मुलगी दिली आहे म्हणून गप्प बसलोय.

फोन करू नका म्हणता ते बरंच आहे. फोनवरचं बोलणं वाऱ्यावर जातं. तुमच्या सहीचा कागद माझ्या पेटीत राहू दे.

तारसोनो


तेमांगगुंग
२० फेब्रुवारी २०१९

पाक तारसोनो,

सलाम. तुम्ही जे 'फक्त आठवलं म्हणून' लिहिलंत ते मला समजलं. या ट्रकवर कसलंही कर्ज नाही. तंबाखूचे तीन चांगले हंगाम गेले त्यावर तो रोख घेतला होता. तुम्ही म्हणाल त्याची शपथ घेतो.

कंपनीच्या पत्राची नक्कल सोबत जोडली आहे. खाली वर्कशॉपचा पत्ता आणि शिक्का आहे. परवा त्यांचं दुसरं पत्र आलं, त्याच मजकुराचं, फक्त या वेळी 'तातडीने' असा शब्द घातला आहे. कंपनीवाले उगाच तिकीट चिकटवत बसत नाहीत.

ऑइलचं वाचून मला चैन पडेना. तुमच्या जावयाला एकदा सरळ विचाराल का? चोर म्हणून नका विचारू. पेडल कसं लागतं ते विचारा. मऊ लागतं का, खाली जातं का, एवढंच. आणि तो नाही म्हणाला तरी गाडी दाखवून आणा. दोन दिवस ट्रक उभा राहील हे मला कळतं. दोन दिवसांचा कोबी सडेल. कोबी पुन्हा येतो.

उत्तर लवकर द्या.

कास्नादी


सिरामपोग
२ मार्च २०१९

पाक कास्नादी,

नक्कल मिळाली. शिक्का पाहिला. असा शिक्का बुमिआयूच्या बाजारात स्टेशनच्या बाजूला कोपऱ्यावरचा म्हातारा अर्ध्या तासात करून देतो, माझ्या नावाचाही त्यानेच केला आहे.

तुम्हाला माझ्या जावयाची इतकी माया का येते हे मला समजत नाही. त्याला तुम्ही पाहिलेलं नाही. मलाही पाहिलेलं नाही. ट्रक आपण दलालाच्या हातून घेतला-दिला, चार वर्षांत फक्त कागद गेले-आले आणि त्यासोबत दोन ओळी. आणि आता पानंच्या पानं! माणूस एवढा गळ्यात पडायला लागला की मी आधी खिसा चाचपतो.

रोखिमला मी विचारलं नाही. तुम्ही सांगता म्हणून घरात भांडण का काढू? आणि विचारलं तर तो काय सांगणार? परवा बाजाराच्या फाटकाच्या भिंतीला गाडीचं नाक घासून आणलं त्याने. म्हणे, गर्दी होती. बावीस वर्षांत मी फाटकाला हात लावला नाही. नुसता ब्रेकवर पाय ठेवून उतरणारी ही आजची पोरं, गिअर कशाला असतो ते त्यांना माहीत नाही. मी त्याला सगळ्यांसमोर झापला.

आता माझं ऐका. तुम्ही खरे असाल तर एक करा. तेगालला या. येण्याजाण्याचं भाडं माझ्याकडे, जेवणही. वर्कशॉपच्या दारात माझ्याशेजारी उभे राहा. तुमचं ओळखपत्र तुमच्या हातात, माझी गाडी माझ्या हातात. मग हवा तो भाग बदलू द्या त्यांना.

येणं जमत नसेल, तर निदान मला पटवून द्या की तुम्ही कास्नादीच आहात. या ट्रकचं असं काहीतरी सांगा जे तो रोज वापरणाऱ्यालाच माहीत असेल. रंग आणि नंबर सांगू नका, तो कुणीही सांगेल.

तारसोनो


तेमांगगुंग
९ मार्च २०१९

पाक तारसोनो,

सलाम. मला तेगालला येता येणार नाही. पायाने मला घरातच खिळवलं आहे, आणि कानाचं तर सांगितलंच. आलो असतो तर बरं झालं असतं.

ट्रकचं विचारलंत. सांगतो.

पुढच्या कप्प्याचं झाकण आपोआप उघडतं. खड्डा आला की ते गुडघ्यावर आदळतं. सिगारेटच्या पाकिटाचा कागद चौघडी करून फटीत घातला की बसतं. डावीकडची काच हँडल फिरवून उतरत नाही, तळहाताने काच दाबत फिरवावं लागतं. छताला, आरशाच्या जरा डावीकडे, कॉफीचा एक डाग आहे, पेल्याचं झाकण उडालं तेव्हाचा. सीटच्या कडेला शिवण उसवली होती ती निळ्या दोऱ्याने घातली आहे, कारण घरात काळा दोरा नव्हता. सकाळी निघालं की मांडीवर ऊन येतं आणि काचेतून पूर्ण सिंदोरो डोंगर दिसतो. इंजिन तापलं की तळपाय भाजतात, म्हणून खाली तागाची पोतडी घातली होती. अजून आहे का ती?

आता तरी पटलं का? पाक, तुम्हाला हात जोडून सांगतो, माझ्यावर हवा तेवढा संशय घ्या. ब्रेकवरही थोडा घ्या.

कास्नादी


सिरामपोग
१६ मार्च २०१९

तुम्ही जे कुणी असाल ते,

तुमचं पत्र घेऊन मी गाडीत जाऊन बसलो. एकेक गोष्ट पडताळली. झाकण, काच, डाग, निळा दोरा. सगळं बरोबर. पोतडी फाटली, रोखिमने टाकली.

पण मी नेहमीच्या सवयीने स्टेअरिंगमागे बसलो होतो आणि यातलं एकही मला तिथून हाताशी लागेना. झाकण माझ्या गुडघ्यावर आदळत नाही. ती काच माझ्या हाताला पोचत नाही. डाग पाहायला मान वळवावी लागते. निळा दोरा कुठल्या सीटला आहे? डाव्या. मग मी पलीकडे सरकून बसलो, आणि बघतो तर तुमचं अख्खं पत्र तिथे!

ज्याने हा ट्रक चालवला त्याने मला सांगितलं असतं की तिसरा गिअर थंडीत अडतो. क्लच फार वर उचलतो. हॉर्न दाबायला अंगठा मोडावा लागतो. तुम्ही त्यातलं एक अक्षर लिहिलं नाही. तुम्ही स्टेअरिंगला कधी हात लावलेला नाही. तुम्ही डाव्या सीटवर बसून होतात. माझी मुलगी नुरोह दर मंगळवारी आणि शुक्रवारी गाजरांच्या टोपल्या घेऊन रोखिमसोबत बाजाराला जाते, त्याच सीटवर बसते. तिला विचारलं असतं तर तिनेही मला हेच सगळं सांगितलं असतं.

मग मी त्या दलालाला गाठलं. तो म्हणतो, कास्नादीला त्याने कधी पाहिलंच नाही. कोऱ्या पावतीवर सही करून घरातून एका बाईने आणून दिली. चार वर्षं मी कुणाच्या सहीवर गाडी पळवतोय? कास्नादीचं ओळखपत्र तुमच्याकडे कसं आलं? तो कुठे आहे?

आजपासून रोखिमला सांगितलंय, तेगालच्या रस्त्याला लागायचंच नाही. वर्कशॉपचं नाव काढायचं नाही. शुक्रवारची बाजाराची खेप झाली की शनिवारी मी स्वतः तेमांगगुंगला येतो. तुमच्या गावच्या कचेरीत जाऊन विचारतो हा कास्नादी कोण. मग कुणाचे कान गेलेत आणि कुणाचे पाय, तेही कळेल.

तारसोनो


तेमांगगुंग
बुधवार, २० मार्च २०१९

पाक तारसोनो,

हे पत्र पोस्टात टाकलेलं नाही. बुमिआयूवरून जाणाऱ्या बसच्या कंडक्टरच्या हातात दिलंय आणि त्याच्याकडून पोराबाळांची शपथ घेतली आहे की गुरुवारी ते तुमच्याकडे पोचेल. तुम्ही शनिवारी या, कचेरीत जा, मला काय वाटेल ते म्हणा. पण शुक्रवारी तुमच्या मुलीला त्या गाडीत बसू देऊ नका. जावयालाही नको.

मी कास्नादींची बायको. माझं नाव रुमियाती. ते १९ सप्टेंबर २०१४ ला गेले, याच ट्रकमध्ये, क्लेडुंगच्या घाटात, तंबाखूच्या टोपल्या भरून उतरताना. गाडी डोंगराच्या बाजूला घातली म्हणून दुसरं कुणी मेलं नाही. पुढचा उजवीकडचा भाग सगळा आत गेला होता. दलालाने तो बदलला, रंग दिला आणि मला म्हणाला, 'बू, मेलेल्याचं नाव कुठे काढू नका. माणूस खाल्लेली गाडी कोण घेणार? आणि मृत्यू नोंदवलात तर दीरांच्या सह्या लागतील.' मी ऐकलं. कोऱ्या पावतीवर त्यांची सही मी केली, ती माझ्या हाताला बरोबर जमते. तुम्हाला फसवलं. त्याला दुसरा शब्द नाही.

मग वर्षाने तुम्ही कर भरायला ओळखपत्र मागितलंत. मी घेऊन गेले. खिडकीतून बाईने हाक मारली, 'पाक कास्नादी!' आणि मी पुढे झाले, म्हटलं, नवरा घरी आजारी आहे. खरं सांगते, पाक, मला ते आवडलं. वर्षातून एकदा कुणीतरी त्यांना नावाने हाक मारतं आणि मला म्हणता येतं की ते घरी आहेत. म्हणून मीही नाव बदलून घ्या असं तुम्हाला कधी लिहिलं नाही.

सगळ्यांचं म्हणणं पडलं की दोष त्यांचा. ऑइलची डबी कोरडी निघाली होती. पंचनामा करणाऱ्यांनी लिहून टाकलं की मालकाने ऑइल घातलं नाही. दीर आजही म्हणतात, चार पैशांच्या ऑइलसाठी जीव घालवला. पाक, ऑइल आदल्या दिवशी मी घातलं होतं. ते बोनेटखाली वाकले होते आणि बाटली माझ्या हातात होती. दर आठवड्याला घालायचो. तेही खाली वाकून बघायचे आणि म्हणायचे, 'जातं कुठे हे?' मला कुणी विचारलंच नाही. बायकोला ब्रेकमधलं काय कळणार! आणि मग मलाच वाटायला लागलं की मी चुकीच्या डबीत तर ओतलं नव्हतं ना. साडेचार वर्षं मला तसं वाटतंय.

ते पत्र आलं तेव्हा मी मागेलांगच्या वर्कशॉपला गेले. तिथल्या मिस्त्रीने कागदावर चित्र काढून दाखवलं. ब्रेकचं ऑइल ढकलणाऱ्या नळकांड्यात रबर असतं. तापून तापून ते फुगतं आणि ऑइल मागच्या बाजूने झिरपतं. मागे एक बंद डबा आहे, पेडलला जोर देणारा, त्यात साठत राहतं. बाहेर एक थेंब येत नाही. मी तिथल्या बाकावर बसून रडले. दोष माझा नव्हता म्हणून की त्यांचा नव्हता म्हणून, ते मला सांगता येणार नाही.

आणि मग तुमचं पत्र. 'जमिनीवर एक थेंब नाही, डबी मात्र अर्धी रिकामी.' तुम्ही त्यात जावयाची चोरी पाहिलीत. मी कास्नादींच्या नावाने लिहीत राहिले, कारण खरं सांगितलं तर ओळखपत्र रद्द होईल, तुमचे कागद अडतील, तुम्ही माझ्यावर केस कराल. मला वाटलं, खोटं बोलूनच तुम्हाला वर्कशॉपपर्यंत नेता येईल. नाही जमलं.

आणखी एक सांगते, ते कुठल्याही कागदात नाही. शेवटच्या महिन्यात त्यांच्या उजव्या पायाला एक खोड लागली होती. जेवताना, टीव्ही बघताना, पाय जमिनीवर दाबायचे. दोनदा, भरभर. दाब, दाब. मी हसायचे, म्हणायचे नाचायला शिकताय का. त्यांना कळतही नसे. दिवसभर पेडल दोनदा मारल्याशिवाय लागत नसे, म्हणून पायाला ती सवय लागली होती. मला ते सांगितलं नाही, कारण मी डाव्या सीटवर बसायचे आणि मला भीती वाटली असती.

ओळखपत्र सोबत आहे. वर्कशॉपवाले मागतील. एकदा वापरा आणि परत पाठवा. मग मी कचेरीत जाऊन त्यांचा मृत्यू नोंदवणार आहे.

रुमियाती


सिरामपोग
२९ मार्च २०१९

बू रुमियाती,

तुमचा कंडक्टर शब्दाला जागला. गुरुवारी दुपारी पत्र हातात पडलं.

वाचून आधी मी संतापलो, ते लपवत नाही. मेलेल्या माणसाच्या सहीवर मला चार वर्षं फिरवलंत. माणूस मेलेली गाडी माझ्या दारात उभी केलीत. मी मनात म्हटलं, हाही एक डाव असेल, रडण्याचा. पत्र घडी करून पेटीत टाकलं आणि कुलूप लावलं. घरात कुणाला काही बोललो नाही.

संध्याकाळी नमाज झाला, जेवणं व्हायची होती. रोखिम भिंतीला टेकून चटईवर पाय पसरून टीव्ही बघत बसला होता. नुरोह आत मेंदोआनची भजी तळत होती. मी सहज त्याच्या पायाकडे बघितलं. खोटं लिहिलं, सहज नाही बघितलं. तुमच्या पत्रामुळे बघितलं. बराच वेळ पाय गप्प होता आणि मला बरं वाटायला लागलं होतं. मग टाच टेकली, चवडा चटईवर दाबला. तीनदा.

मी म्हटलं, 'पाय काय करतोय तुझा?'

'कुठे काय, पाक?'

'ब्रेक किती वेळा मारावा लागतो?'

त्याने आधी स्वयंपाकघराकडे बघितलं, नुरोह ऐकते का म्हणून. मग हळूच म्हणाला, 'तीनदा. आधी दोनदा लागायचा.'

'कधीपासून?'

'गेल्या रमजानच्याही आधीपासून.'

'मग बोलला का नाहीस, गाढवा?'

'ऑइल मागितलं तर चोर ठरलो,' तो म्हणाला. 'ब्रेक लागत नाही म्हटलं असतं तर हा ड्रायव्हरच नाही, असं म्हणाला असतात. फाटकाला लागली तेव्हा तेच म्हणालात, चार माणसांत.'

बू, मी उठलो, गाडीची चावी खिळ्यावरून काढली आणि खिशात घातली. शुक्रवारी नुरोहच्या टोपल्या अंगणातच राहिल्या. तिने दिवसभर माझ्याशी अबोला धरला, गाजरं सुकली म्हणून. दुसऱ्या दिवशी रोखिमने तिला सगळं सांगितलं, तेव्हा ती माझ्याजवळ येऊन बसली.

तेगालला फोन केला तर ते म्हणाले गाडी जागेवरून हलवू नका, आमची माणसं येतात. सोमवारी दोघं आले. पेडलमागचं नळकांडं सोडवलं, तो बंद डबा काढला आणि पत्र्याच्या घमेल्यावर उलटा केला. ऑइल पडायला लागलं ते थांबेचना. काळं, घट्ट. मी बाटल्यांच्या हिशेबाने बघत होतो. रोखिमने वर्षभर मागितलेल्या साऱ्या बाटल्या त्या घमेल्यात होत्या. तो शेजारी वाकून घमेलं धरून होता. त्याने मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. मला माफी मागता येत नाही, कधी आलीच नाही. त्या दुपारी मी माझ्या ताटातला मासा त्याच्या ताटात ठेवला. त्याने अर्धा मोडून परत माझ्या ताटात टाकला.

जुनं रबर मिस्त्री घेऊन जाणार होता, कंपनीला दाखवावं लागतं म्हणे. दोन होती, एक मी मागून घेतलं, भांडूनच. प्लास्टिकमध्ये बांधून सोबत पाठवलंय. बोटाने दाबून बघा, पोहे भिजल्यासारखं झालंय. तुमच्या दीरांच्या हातात द्या आणि त्यांना सांगा, ऑइल घातलं होतं. पुरावा लागला तर मी येऊन उभा राहतो, माझं घमेलं घेऊन.

ट्रक नावावर करायला मी येणारच आहे, आता हेलपाट्यांना भीत नाही. रोखिम गाडी चालवेल. फसवल्याचं जे काही बोलायचं ते समोर बसून बोलेन, दहा मिनिटं पुरतील. मग तुमच्या हातची कॉफी घेऊ. ओळखपत्र परत पाठवतो आहे. नीट ठेवलं होतं.

तारसोनो

ता.क. एक राहिलं. काम झाल्यावर मिस्त्रीने फॉर्म पुढे केला, मालकाची सही हवी म्हणाला. ओळखपत्रावरचा फोटो बघितला, माझं तोंड बघितलं. 'हे कास्नादी कुठे आहेत?' मी म्हटलं, त्यांना येता आलं नाही. सही मी माझीच केली, माझ्या नावाची. तो म्हणाला, 'मग गाडीचे ब्रेक दाखवून घ्या म्हणून तुम्हाला सांगितलं कुणी?'

मी म्हटलं, 'त्यांनीच.'